मामा, हे चालत नाहीत

मी ठेवलेली टीप वेटरनं मला परत आणून दिली. कमी वाटली म्हणून परत केली असती तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तसं नव्हतं. मी हात धुऊन, रुमालाला हात पुसत दारापर्यंत पोचलो होतो. पोरगं मागनं धावत आलं, "ओ मामा, थांबा की," म्हणालं आणि दहाची तीन नाणी माझ्या तळहातावर ठेवून म्हणालं, "हे चालत नाहीत."

दारात बायको उभी. तिच्या शेजारी पुण्याहून आलेला मेहुणा. गल्ल्यावर मालक. आणि झाडून सगळी टेबलं आमच्याकडं बघत होती.

हॉटेल लातुरातलं, बार्शी रोडवरचं. नाव सांगत नाही. मटण झकास असतं आणि मला परत जायचंय. आम्ही दोघांनी काळ्या मटणाची थाळी घेतली, बायकोचा गुरुवार म्हणून तिची साधी. दोनशे ऐंशी, दोनशे ऐंशी आणि एकशे चाळीस, असे सातशे. मेहुण्याला बिल वाचायची खोड आहे. त्यानं ते उजेडाकडं धरून वाचलं. सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के, एकूण सातशे पस्तीस. मग सर्व्हिस चार्ज लावलाय का ते शोधायला लागला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैत सांगितलंय की हॉटेलवाल्यांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं, ही माहिती त्यानं जेवणानंतर, नळीतली मज्जा चोखून झाल्यावर, आम्हाला दिली. सर्व्हिस चार्ज नव्हता. बार्शी रोडवर कुणी लावत असेल असं मला वाटतही नाही. इथं सर्व्हिस म्हणजे भाकरी संपायच्या आत दुसरी येणं, आणि ती आली होती.

पाचशेच्या दोन नोटा दिल्या. दोनशे पासष्ट परत यायचे होते.

आता हे परत येणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. टीप मी माझ्या खुशीनं देतो असा माझा समज होता, पण ती किती द्यायची हे सुट्टे कसे आणायचे यावरनं आधीच ठरलेलं असतं. साठ रुपये परत द्यायचे असले की कसलेला वेटर पन्नास आणि दहाची नोट आणत नाही, वीसच्या तीन आणतो. म्हणजे माणसाला एक ठेवावीच लागते. काही जण वही ठेवून गायब होतात आणि आपण उठायच्या बेतात असताना शेजारचं टेबल पुसायला प्रकटतात. ते टेबल इतकं पुसतात की सनमायकाचं डिझाइन जावं. एका ठिकाणी आठ रुपयांच्या बदल्यात चॉकलेटच्या गोळ्या आल्या होत्या. मी त्या टीप म्हणून ठेवल्या. त्या हॉटेलात आता माझ्याकडं बघण्याची नजर वेगळी आहे.

आणि या सगळ्याची सुरुवात पाण्यापासनं होते. खुर्चीत टेकायच्या आत पहिला प्रश्न, "साधं का बाटली?" ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात 'साधं' म्हणताना मान खाली घालावी लागते हे मला अजून पटलेलं नाही. साधं म्हटलं की तुमची पत ठरली. मग कांदा मागून घ्यावा लागतो.

तर दोनशे पासष्ट. स्टीलच्या ताटलीत दोनशेची एक नोट, तिच्यावर बडीशेप, खडीसाखर आणि नोटेच्या खाली सहा दहाची नाणी आणि एक पाचचं. नोट उचलली तर बडीशेप सांडते, नाही उचलली तर नाणी दिसत नाहीत. मी बडीशेपेतनं, चिकट बोटांनी, नाणी वेचली. तीन खिशात, तीन ताटलीत. मेहुणा कुजबुजला, "दहा टक्के असतात भावजी, साडेत्र्याहत्तर होतात." मी म्हटलं, तुझ्या पुण्यात साडेत्र्याहत्तर ठेवताना तुला कधी बघितलं नाही. तिथनं उठलो, आणि दारात गाठले गेलो.

"अरे, हे तूच आणलेस की आत्ता!"

"मी फक्त आणले मामा. दिले कौंटरनं."

"मग कौंटरला दे परत."

"कौंटर घेत नाही."

"कौंटर देतं, पण घेत नाही?"

"हाव."

असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर ना लाज ना चेष्टा. पोराचंही खरं होतं. किराणावाला घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, रिचार्जवाला घेत नाही. "कुणीच घेईनालेत मामा, मी काय करू ह्याचं?" मी मालकाकडं बघितलं. मालक गणपतीच्या फोटोकडं बघत होता.

इथं कोपऱ्यातल्या टेबलावरनं आवाज आला, "आना बघू हिकडं."

धोतर, टोपी, बंडी, पायाशी कापडी पिशवी. कोर्टाच्या तारखेला आलेला म्हातारा. ताटातली भाकरी अर्धी होती, ती त्यानं बाजूला सरकवली. नाणी ताब्यात घेतली. बंडीतनं चष्मा काढला, एका काडीला दोरा बांधलेला. पहिलं नाणं डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं, मग ट्यूबलाइटखाली जाऊन उभा राहिला.

"रेघा किती हायत ह्येच्यावर?"

मला काय माहीत? मी आजवर पैसे मोजले, पैशावरच्या रेघा कधी मोजल्या नाहीत.

"धा रेघांचा खरा. पंधरा रेघांचा नकली," असं म्हणून त्यानं नखानं मोजायला सुरुवात केली. आठवर असताना मालकाचा फोन वाजला आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासनं. एव्हाना दोन टेबलांवरची माणसं हात खरकटे ठेवून जवळ आली होती. एकजण "तेरा झाले," म्हणाला, म्हातारा त्याच्यावर खेकसला. शेवटी निकाल लागला, "पंधरा! नकली!" लोकांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की टाकसाळ माझ्याच घरात आहे.

आता मला राहवेना. मी म्हटलं, बाबा, रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत पत्रक काढलंय. दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार निघाले, चौदाही चालतात. पंधरा रेघांची जुनी आहेत, एवढंच. त्यांच्यावर रुपयाचं चिन्ह नाही, कारण ते चिन्हच २०१० च्या जुलैत ठरलं. नाण्यांच्या कायद्याप्रमाणे हजार रुपयांपर्यंत नाण्यांत देता येतात, मी तीस देतोय.

म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "रिझर्व्ह बँक जेवाया येती का हितं?"

लोक हसले. मेहुणाही हसला, ते मी लक्षात ठेवलंय.

म्हातारा आता रंगात आला. "निजामाच्या टायमाला आमचा बाप बाजारात दोन पिशव्या घिऊन जायचा. येका पिशवीत निजामाचा हाली रुपया, येकीत विंग्रजांचा कलदार. सात हाली म्हंजी सहा कलदार. रजाकार गेले, निजाम गेला, पर हाली बरीच वर्सं चालली. लोक हिशेब करायचे, पर घेत नाही म्हनायचे न्हाईत." हे बोलणं खरं तर माझ्या बाजूचं होतं. हाली सिक्का १९५९ पर्यंत टिकला, निजामाचं राज्य बुडून दहा वर्षं झाली तरी. आणि भारत सरकारचं चालू नाणं बार्शी रोडवर बडीशेपेच्या ताटलीपलीकडं जात नाही. पण म्हाताऱ्याला ते माझ्या बाजूचं आहे हे मान्य नव्हतं. हाली चांदीचा होता, म्हणाला.

मी पोराला म्हटलं, बाबा रे, स्कॅन करतो. त्यानं बोट गल्ल्याकडं दाखवलं. मी पन्नास टाकले. मेहुण्यादेखत तीस कसे टाकणार? मोबाइलवरचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मग गल्ल्यावरचं यंत्र सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं बोललं, "पन्नास रुपये प्राप्त झाले." प्राप्त कुणाला झाले, तर मालकाला. मालकानं गणपतीवरची नजर काढून माझ्याकडं बघून मान हलवली. पोरगं हळूच म्हणालं, "म्हयन्याच्या शेवटी वाटतो म्हनतेत." वाटतो का रे? तर पोरगं टेबल पुसायला निघून गेलं.

इथं माझं डोकं खरंच फिरलं. पोराला पगार काय द्यायचा ते मालकानं माझ्या चांगुलपणावर सोडायचं, वर तो चांगुलपणा स्वतःच्या खात्यात जमा करून घ्यायचा, आणि बँकेतनं आलेली नाणी खपवायला आमच्यासारखी गिऱ्हाइकं. कर बिलात छापून येतो, पाच टक्के म्हणजे पाच टक्के, त्याला कुणी मागनं धावत येत नाही. पोराच्या घामाचे पैसे मात्र नोटेखाली, बडीशेपेत लपवून.

मालकाला हे बोलायचं होतं. बोललो नाही. रविवारी पाहुणे येणार आहेत आणि त्यांना काळं मटणच लागतं.

नाणी परत घ्यायला म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं तीन नाणी मोजून हातावर ठेवली आणि धोतराच्या सोग्यातनं कापडी पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. दहाच्या नाण्यांचा ढीग.

"पाव्हणं, शंभराची नोट हाय का? हे धा घ्या. समदे धा रेघांचे हायत, मोजून घ्या."

मी दोनशेची नोट काढून म्हटलं, सुट्टी नाही.

"मग ईस घ्या की."