खुर्ची, डॉक आणि ट्रेलरची हवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माल भरण्यापूर्वी एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे पोलादी पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या ट्रेलरची हवा सोडावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. हवा सोडली की ट्रेलरचा फ्लोअर डॉकच्या (गोदामातल्या माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याच्या) खाली जातो, ती परत भरण्यात वेळ मोडतो, घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) काढलेल्या ट्रेलरच्या टेकूच्या पायांवर ताण येतो आणि आपले ड्रायव्हर हवा न सोडताच वर्षानुवर्षे माल भरत आले आहेत, असे आपण लिहिता. आणि जाता जाता 'खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनी डॉकवरच्या माणसांना शहाणपण शिकवू नये' असा शेराही मारता.

आक्षेपांबद्दल माझी तक्रार नाही, शेऱ्याबद्दल आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात वडिलांच्या ऑफिसात बिल्ट्या लिहीत मी मोठा झालो, पुढे चाकणच्या एका गोदामात रात्रपाळीचा सुपरवायझर होतो. तिथे ट्रेलर पुढे सरकल्यामुळे लेव्हलरची (डॉक आणि ट्रेलर सांधणाऱ्या हलत्या फळीची) जीभ निसटून फोर्कलिफ्टचे चाक फटीत गेलेले मी पाहिले आहे; चालवणारा पोरगा स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता, खाली उतरायला तयार नव्हता. त्या रात्री आपण कोणत्या खुर्चीत होता, हे मी विचारणार नाही. पुण्यात खवचटपणाला तोटा नाही हे मान्य, पण त्याने मुद्दा सिद्ध होत नाही.

आता फ्लोअरचे. दीड टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः अडीच-तीन टनांची असते. ती आत शिरली की फुगे दबतात आणि ट्रेलर खचतो. उंची राखणारा व्हॉल्व्ह रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दाद देऊ नये म्हणून संथ असतो, त्यामुळे तो हवा भरेपर्यंत फोर्कलिफ्ट बाहेर पडलेली असते. ही वरखाली तेवढ्यावर थांबत नाही, कारण पार्किंग ब्रेक लावला की चाक, धुरा आणि धुऱ्याला चासीशी (ट्रेलरच्या सांगाड्याशी) जोडणारा आर्म एकसंध होतात. चासी खचली की आर्म फिरतो, त्याच्यासोबत चाक फिरते आणि ट्रेलर डॉकपासून पुढे सरकतो. एका फेरीत ते दिसत नाही, पॅलेटमागून पॅलेट जात राहिल्यावर फट दिसते. म्हणून डॉकच्या हातभर अलीकडे थांबून हवा सोडायची, मग ट्रेलर मागे लावून पार्किंग ब्रेक ओढायचा आणि चाकांना पाचरी द्यायच्या. फ्लोअर खाली जातो, हे खरे. पण स्थिर उंचीतला फरक भरून काढण्यासाठीच लेव्हलर असतो. ज्या डॉकवर ट्रेलरचा मागचा दांडा पकडणारा हुक आहे, तिथे सरकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, एवढे मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो.

वेळेचे म्हणाल, तर पावतीवर सह्या होईपर्यंत हवा भरून होते. पायांच्या ताणाविषयी काय बोलावे? माझा लेख घोडा जोडलेल्या ट्रेलरविषयी होता आणि तसे पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. तुम्ही तिथपर्यंत पोहोचला नसाल.

राहिले तुमचे ड्रायव्हर. त्यांचे ट्रेलर पाट्यांचे असतील, तर सोडायला हवाच नाही आणि हा वादही तुम्हाला लागू नाही. फुग्यांचे असतील, तर निघण्यापूर्वी फुगे पुन्हा भरलेत की नाही हे निदान गेटवर तपासायला सांगा. बसलेल्या फुग्यांवर गाडी हाकली, तर रस्त्याचा प्रत्येक दणका थेट चासीला आणि आतल्या मालाला बसतो.