सुहासराव, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुहासराव,

अमेरिकेच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतला शस्त्र धारण करण्याचा हक्क मुळात मिलिशियासाठी, म्हणजे गरजेला बोलावायच्या नागरिकांच्या सैन्यासाठी होता, घरगुती बंदुकीसाठी नव्हे, असं मी लेखात म्हटलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, 'चार दिवस अमेरिकेत राहून आलेल्यांनी आम्हाला घटना शिकवू नये. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, विषय संपला.' वर पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १७७६ च्या घटनेचा दाखला आणि मिलिशिया कायद्याचं साल चुकल्याचा टोमणा. साल चुकलं होतं, मान्य. कायदा १७९२ चा आहे. लेखात दुरुस्ती केली.

पण 'चार दिवस'? चौदा वर्षं पेनसिल्व्हेनियात संसार केला मी. शाळेत गोळीबार झाला तर कुठे लपायचं, याची तालीम माझी धाकटी घरी येऊन जेवणाच्या टेबलाखाली करून दाखवायची. तेव्हा ती सहा वर्षांची होती. असल्या माणसाला 'चार दिवस' म्हणताना थोडा विचार करायला हवा होता.

आमच्या शेजारचे आजोबा क्वेकर. लढाईत उतरणं त्यांच्या पंथाला मान्य नाही. ही दुरुस्ती मांडणाऱ्या जेम्स मॅडिसनचा ८ जून १७८९ चा मसुदा मला पहिल्यांदा त्यांनीच वाचायला दिला. शस्त्र धारण करण्याचा हक्क ज्या वाक्यात आहे, त्याच वाक्याच्या शेवटी म्हटलंय की धर्मश्रद्धेमुळे शस्त्र धारण करायला ज्याचं मन घेत नाही, त्याच्यावर स्वतः लष्करी सेवा करण्याची सक्ती होणार नाही. 'शस्त्र धारण करणं' हे शब्द दोन्हीकडे तेच, आणि सूट कशातून? लष्करी सेवेतून. घरात बंदूक ठेवण्यातून सूट कोण कशाला मागेल? सिनेटने पुढे हा भाग गाळला, पण मॅडिसनने ते शब्द कोणत्या अर्थाने वापरले हे त्याने पुसलं जात नाही.

आणि ज्या कायद्याच्या सालावरून मला बोललात, तो उघडून पाहिलात का? १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या नागरिकाने स्वतःची बंदूक आणि संगीन घेऊन हजर व्हायचं. आपल्या शिलेदारासारखं, हत्यार पदरचं आणि चाकरी राज्याची. घरी बंदूक असायची ती यासाठी.

तुम्ही म्हणता तो २००८ चा निकाल हेलर खटल्याचा. मिलिशियात नसलेल्या माणसालाही स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवण्याचा हक्क आहे, असा तो ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. न्यायमूर्ती स्कॅलियांनी लिहिलेलं ते बहुमत आज कायदा आहे, हे मी लेखाच्या शेवटी लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसावात. दुरुस्ती मंजूर झाली त्या १७९१ मध्ये लोक काय समजत होते, ते २००८ च्या मतांनी ठरत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या घटनेबद्दल पुन्हा कधीतरी.

तुम्हाला अजून बोलायचं असेल तर मॅडिसनच्या त्या वाक्यावर बोला. माझ्या अमेरिकेतल्या दिवसांची मोजणी पुरे.