झाकणासकट

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बायकोने निकाल दिला. "वरचा कप्पा रिकामा करा, नाहीतर मी करते." दुसऱ्या अर्ध्या वाक्यात दम जास्त होता. मागच्या खेपेला तिने 'केलं', तेव्हा माझा कॉलेजचा स्वेटर मला थेट खिडकीच्या काचा पुसताना भेटला होता.

वरचा कप्पा म्हणजे लोखंडी कपाटाचा. नारायण पेठेतला वाडा पडून त्या जागी इमारत झाली, तेव्हा जुन्यातल्या तीनच गोष्टी आमच्याबरोबर वर आल्या: पितळी घंगाळ, भाऊबंदकी आणि हे कपाट. त्याच्या वरच्या कप्प्यात तीन पिढ्यांचे कपडे डांबराच्या गोळ्यांच्या वासात नांदत होते. मी त्यांना 'संग्रह' म्हणतो. केळकर संग्रहालयात कपडे काचेमागे ठेवतात आणि तिकीट लावतात, आमच्याकडे लोखंडी दारामागे ठेवतात आणि शिव्या खातात, एवढाच फरक.

बोहारणीला बोलावलं गेलं. मी लहानपणापासून बोहारणीला घाबरतो. बँकेतला ऑडिटर परवडला, तो कागद तरी बघतो. ही जिन्यात मांडी घालून बसते, भांड्यांची पाटी शेजारी ठेवते, शर्ट उजेडाकडे धरते, कॉलर उलटी करते, काखेत बोट घालते, पँटचं बूड दोन्ही हातांनी ताणून बघते, आणि मग तुमच्याकडे बघते. त्या बघण्यात आपण ही पँट घालून आयुष्यात कुठे कुठे बसलो, हे सगळं तिला कळलेलं असतं.

मी ठरवून पहिल्यांदा सफारी काढला. फिकट चॉकलेटी, माझ्या रिसेप्शनचा, साल १९८८. "मावशी, हा बघा. एकदाच घातलाय."

"एकदाच घातला म्हंजी चांगला नसनार, काका."

बायको दारात उभी होती, ती हसली. छत्तीस वर्षांत माझ्या बोलण्यावर इतकं मनापासून हसल्याचं मला आठवत नाही. मी मावशींना समजावलं, की हा ऐरागैरा कपडा नाही. आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या साहेबांचा हा पोशाख, आपल्याकडे सत्तरच्या दशकात आला आणि इंजिनिअरपासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांना सारखंच बेढब दाखवून गेला. तिकडे या चार खिशांत काडतुसं ठेवत. मी आहेराची पाकिटं ठेवली होती. मावशींनी कापड चिमटीत चोळलं. "टेरिकॉट हाय. गॅरेजवाला बी घेत न्हाय. तेल पीत न्हाय ह्ये."

मी गप्प झालो. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा काढला, त्याचं टेरिलीन झालं, आपल्याकडे त्यात सूत मिसळून टेरिकॉट झालं. चुरगळत नाही, झटकलं की वाळतं, इस्त्रीचे पैसे वाचतात. म्हणजे पुणेकरासाठीच शोध लागला असावा. वडील टेरिलीनचा पांढरा शर्ट घालायचे आणि खिशात दहाची नोट ठेवायचे, बाहेरून दिसावी म्हणून. ती नोट खर्चायची नसे, ती शर्टाचा भाग होती. एप्रिलमध्ये त्या शर्टात वडील उकडून निघत, पण नोट कोरडी राही. घाम पीत नाही म्हणून आम्ही ज्याची तक्रार केली, ते तेलही पीत नाही, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. सफारी बाजूला पडला.

मग काकाची बेलबॉटम निघाली. मांडीला घट्ट, गुडघ्याखाली देवळाची घंटा, मोहरी सव्वीस इंच. कोपऱ्यावरच्या शिंप्याने शिवताना "एवढ्या मोहरीत आणखी एक पँट निघेल" असं बजावलं होतं आणि काकाने "मग मोहरी अठ्ठावीस करा" असं उत्तर दिलं होतं. मूळची ही खलाशांची पँट. लक्ष्मी रोडला समुद्र नसल्यामुळे काका तिने रस्ता झाडायचा, महापालिकेने त्याला कधी पगार दिला नाही. मी ती मावशींपुढे लाजत लाजत ठेवली.

"ही द्या!" मावशींचे डोळे चमकले. "जुन्या बाजारात पोरं हातातनं ओढत्यात. परत आलीय ना."

परत आली! मी १९९५ मध्ये, तिची लाज वाटून, कमरेला चार चार चुण्या घालून पोत्यासारखी बॅगी पँट शिवून घेतली होती. ती बॅगीही कप्प्यात होती. मावशींनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. "हिला अजून टाइम हाय." म्हणजे बाईंकडे पुढचं वेळापत्रकसुद्धा आहे.

पँट या विषयावर माझं थोडं वाचन आहे आणि ते ऐकायला घरात कोणी तयार नसतं. मावशी भांडी मोजत होत्या, म्हणजे जागेवर बसल्या होत्या, ती संधी मी साधली. पँट ही घोडेस्वारांची. चीनच्या पश्चिम टोकाला तुर्फानजवळच्या थडग्यांत लोकरीच्या विजारी सापडल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. मांड टाकताना उसवू नये म्हणून दोन तंगड्यांच्या मधे ऐसपैस तुकडा जोडलेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिंप्याला जे कळत होतं, ते माझ्या मुलाच्या जीन्सवाल्याला कळत नाही. त्या पँटीत घोडा सोडा, चवड्यावर बसता येत नाही. देवाला नमस्कार तो उभ्यानेच करतो, आणि आम्हाला वाटायचं नास्तिक झाला.

"आणि हे पँटवर हक्क सांगणारे पुरुष," मी म्हटलं, "पॅरिसमध्ये बायकांनी पोलिसांच्या परवानगीशिवाय पँट घालू नये असा हुकूम १८०० साली निघाला. तो रद्दबातल असल्याचं फ्रान्सच्या सरकारने जाहीर केलं २०१३ साली."

"आमच्यात बी सासू होती," मावशी म्हणाल्या. "ती बी २०१३लाच गेली."

मुलीची डंगरी त्यांनी ठेवून घेतली. मुंबईच्या डोंगरीत विकलं जाणारं जाडंभरडं कापड, इंग्रजांच्या तोंडी त्याचं डंगरी झालं, मजुरांच्या अंगावरून जग फिरून आलं आणि आमच्या मुलीने ते मॉलमधून अडीच हजारांना आणलं. पुण्याहून रेल्वेने गेली असती तर मूळ गाव तरी बघून झालं असतं.

आता कप्प्यात आजोबा उरले. काळा कोट, काळी टोपी आणि दहा हाती धोतराची एक जोडी. टोपी मावशींनी हातातसुद्धा घेतली नाही. या शहरात एके काळी डोक्यावरच्या वस्तूवरून माणसाची जात, पेशा, गाव, सगळं कळायचं. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कनॉटच्या, सन्मानार्थ मेजवानी होती. शहरातली बडी मंडळी दागिने, जरी लेवून आली. तिथे जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि या मंडळींवरून देशाची पारख करू नका, असं ड्यूकला तोंडावर सांगून आले. आता डोक्यावरून काही कळत नाही. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती उरली सत्कारापुरती. पाहुण्याच्या डोक्यावर ठेवायची, फोटो काढायचा, पुढच्या पाहुण्यासाठी उचलायची.

कोटाची गोष्ट घरात जपून सांगितली जाते. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, सावरकर तेव्हा फर्ग्युसनला शिकत होते, टिळक स्वतः हजर होते. त्या होळीत आमच्या पणजोबांनी आपला मँचेस्टरचा कोट टाकला. हे सांगताना वडिलांचा आवाज भरून यायचा. आई आतून म्हणायची, "कोपरं विरली होती त्याची." कप्प्यातला हा कोट त्यानंतरचा, स्वदेशी. कसर लागलेला. कसरीला स्वदेशी-विदेशी काही नसतं.

आणि मग मावशींनी धोतर उलगडलं. एका हाताने हवेत झटकलं, गालाला लावलं. पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत.

आमच्या घरात धोतर कधी मेलं नाही. कासोट्याशी विरलं की फाडून पंचे व्हायचे, पंचे विरले की बाळाची दुपटी. माझ्या धाकट्या बहिणीने पहिले चार महिने आजोबांच्या धोतरात काढले. दुपटं मऊ पडलं की त्यात श्रीखंडाचा चक्का टांगायचा (मधे ते उकळत्या पाण्यातून काढत, काळजी नसावी), मग ओट्याचं फडकं, मग आजोबांच्या सायकलची चेन पुसायला, आणि शेवटी काळं मिट्ट होऊन बंबात. आजोबा स्वतः मात्र शेवटी शेवटी पायजमा घालू लागले होते. निऱ्या धरायला हात थरथरायचे. मला म्हणायचे, "नाडी म्हणजे पराभव आहे."

"ह्येच्यावर पातेलं देते," मावशी म्हणाल्या. "मोठं. जाड बुडाचं."

"धोतर द्यायचं नाहीये," मी म्हटलं. बायकोकडे बघितलं. तिने चक्क मान डोलावली आणि धोतर माझ्या हातातून घेऊन घडी घालायला लागली.

मग खरी घासाघीस सुरू झाली. बेलबॉटम, डंगरी, दोन शर्ट आणि आईची एक नायलॉनची साडी, यावर मावशी मधलं पातेलं द्यायला तयार झाल्या. बायकोने झाकण मागितलं. मावशींनी टोपी, कोट, सफारी सगळ्यांवरून नजर फिरवली. झाकणाला पुरेल असं काही नव्हतं. मग ती नजर माझ्यावर आली आणि खांद्यापाशी थांबली.

"अंगातला द्या."

अंगात माझा घरात घालायचा सुती सदरा होता. अकरा वर्षांचा, धुऊन धुऊन जाळी झालेला, एक बटण वेगळ्या रंगाचं. बायकोच्या मते तो अंगावर नसता तर केव्हाच काचेवर गेला असता.

"ह्यो तेल पील," मावशी म्हणाल्या.

सध्या चहा त्याच पातेल्यात होतो. झाकण घट्ट बसतं. सफारी पुन्हा वरच्या कप्प्यात आहे.