घोडा का अडला, आणि का बुजला

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वयाच्या ४२ व्या वर्षी घोडेस्वारी शिकायला लागेपर्यंत मलाही त्यात काही उणे दिसले नव्हते. सहा वर्षे तबेल्यात काढल्यानंतर मात्र माझे मत असे झाले आहे की, अडणारे आणि बुजणारे कितीतरी घोडे न फिरवल्यामुळे नव्हे, तर फार लवकर आणि फार घाईने फिरवल्यामुळे तसे झालेले असतात, आणि त्या घाईचे भोग घोड्याबरोबर स्वाराच्याही वाट्याला येतात.

आधी आनंदाविषयी लिहिते, कारण तो नसता तर एवढी हाडे दुखवून घेण्याचे काही कारण नव्हते. पहिले काही महिने दुडकी चाल म्हणजे निव्वळ शिक्षा वाटते. खोगिरावर आपण बटाट्याच्या पोत्यासारखे आदळत राहतो आणि तोल सावरण्यासाठी नकळत लगाम ओढतो, म्हणजे आपल्या चुकीचा दंड घोड्याच्या तोंडाला होतो. मग एके दिवशी कंबर सैल पडते, टाचा आपोआप खाली जातात आणि मांड बसते. त्यानंतर वळायचे असेल तर आधी नजर वळते, तिच्यामागून खांदे आणि कंबर किंचित वळतात, आणि लगामाला हात लावण्यापूर्वीच घोडी वळू लागलेली असते. चारशे किलोंच्या एका प्राण्याने आपले मन ओळखल्यासारखे वाटते, आणि त्या भावनेची चटक लागलेला माणूस पहाटे साडेचार वाजता खरारा करायला तक्रार न करता उठतो.

धोका याच गोष्टीत आहे. जी घोडी माझ्या कंबरेची हालचाल ओळखते, तिला माझे दचकणे आणि माझे दुर्लक्ष तेवढ्याच स्पष्टपणे कळते. गेल्या पावसाळ्यानंतर मी एका चार वर्षांच्या तांबड्या घोडीला फिरवत होते. गवताच्या गंजीवर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीचे एक टोक सुटले होते. घोडीने मान उचलली, दोन्ही कान ताठ पुढे केले आणि श्वास रोखून धरला. तिने तीन वेळा सांगितले आणि मी तिन्ही वेळा ऐकले नाही, कारण मी कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीशी बोलत होते. ताडपत्री फडफडली, घोडी एका उडीत डावीकडे सरकली आणि मी जिथे होते तिथेच हवेत राहिले. खांद्याजवळचे हाड मोडले, हेल्मेटला तडा गेला. पाय रिकिबीत अडकला नाही, हे नशीब नव्हते. टाचेचा बूट घालून पायाचा फक्त पुढचा भाग रिकिबीत ठेवायची सवय शिक्षकांनी ओरडून ओरडून लावली होती. घोड्यावरून पडण्यापेक्षा रिकिबीत पाय अडकून फरफटत जाणे कितीतरी वाईट असते.

त्या दिवशी ‘घोडी खोडकर आहे’ असे तबेल्यातील दोघांनी मला सांगितले. मला ते पटत नाही. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे आणि पळणे हेच त्याचे शस्त्र आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण नाकाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या मागचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप येणाऱ्या माणसाला लाथ बसते, आणि तीही बहुधा रागाने नव्हे, भीतीने. जो प्राणी आधी पळतो आणि मग विचार करतो, त्याला आधी थांबायला शिकवणे हे शिक्षणाचे सार आहे, आणि ते चाबकाने होत नाही.

ते कसे होते, हे मला घोड्यांची निगा राखणाऱ्या एका वयस्कर मोतद्दारकाकांनी दाखवले. पायाने दाब दिला की घोडा पुढे जातो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो शिकतो दाब सुटण्याच्या क्षणी. घोड्याने अर्धे पाऊल टाकायचा विचार केला, एवढ्यावरच पाय सैल करायचा. तो क्षण हुकला आणि दाब तसाच राहिला, तर घोड्याला कळते की आज्ञा पाळूनही त्रास संपत नाही. असा घोडा हळूहळू टाच मानेनासा होतो. मग त्याच्यासाठी बुटाला लावायच्या अणकुचीदार टाचा आणि तोंडात घालायचे अधिक कडक कडियाळे आणले जाते, आणि त्याची ख्याती ‘तोंडाचा दगड’ अशी होते. तो दगड आपण घडवलेला असतो.

घाईचा दुसरा प्रकार वयाचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहायला मी दोनदा गेले आहे, आणि पुन्हा जाईन, कारण एवढी देखणी जनावरे एका जागी क्वचितच दिसतात. तिथे रंग पाहिला जातो, उंची पाहिली जाते, देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) आणि अंगावरचे केसांचे इतर भोवरे पाहिले जातात, स्वाराला धक्के न देणाऱ्या जलद रेवाल चालीवर तर लोक जीव टाकतात. पण दोन वर्षांच्या शिंगरावर स्वार बसलेला पाहून माझ्या पोटात कालवते. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षापर्यंत, किंबहुना त्यानंतरही चालू असते. कोवळ्या पाठीवर रोज सत्तर किलो ठेवल्यावर तो घोडा सहाव्या वर्षी खोगीर पाहून कान मागे पाडू लागला, तर त्याला अडेलतट्टू म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? याउलट मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर संसार पाठीवर घेऊन चालणारी भीमथडी घोडी पाहा. शिंगरू आईच्या मागून चालत, कुत्री, मेंढरे, ट्रक आणि नदीचे पाणी पाहत मोठे होते. त्याच्या शिक्षणाचा निम्मा भाग कोणी पाठीवर बसण्यापूर्वीच उरकलेला असतो.

थंड हवेच्या ठिकाणी लहान मुलांना हेल्मेटशिवाय घोड्यावर बसवून फोटो काढणाऱ्या आईवडिलांना एवढेच सांगेन की, घोडा कितीही गरीब असला तरी ताडपत्री कुठेही असू शकते.

हाड जुळल्यावर तीच ताडपत्री आम्ही जमिनीवर अंथरली. पहिल्या दिवशी घोडीने दुरून फुरफुरून पाहिले, आठवड्याने ताडपत्रीच्या कडेला ठेवलेली चंदी खाल्ली, तिसऱ्या आठवड्यात एक खूर वर ठेवला आणि स्वतःच दचकली. मग दुसऱ्या बाजूने सगळे पहिल्यापासून, कारण डावीकडून ओळखीची झालेली वस्तू उजवीकडून तिला पुन्हा नवीन वाटत होती. आता ती ताडपत्रीवरून निवांत चालत जाते. मी मात्र गंजीपाशी पोहोचले की अजून नकळत लगाम आखडते, आणि घोडी एक कान मागे वळवून माझी चौकशी करते.