मॅडम, यातलं बरोबर कोणतं?

मायनर (दुय्यम) विषयाचा फॉर्म हातात धरून एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी होती. प्रथम वर्ष बी.एस्सी. "मॅडम, यातलं बरोबर कोणतं?" माझा तास होता. "कॉम्प्युटर घे गं, स्कोप आहे," असं म्हणून मी निघून गेले. दोन महिन्यांनी ती परत आली. प्रॅक्टिकलमध्ये काही कळत नव्हतं, घरी लॅपटॉप नव्हता, आणि मुळात तिला संख्याशास्त्र घ्यायचं होतं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" "तुम्ही सांगितलंत ना, म्हणून."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. मुलांच्या मनाची वाढ हा आपला प्रांत नाही, असं धरून इतकी वर्षं काढली. त्या दिवसानंतर वाचायला लागले. विल्यम पेरी हार्वर्डमध्ये विद्यार्थी समुपदेशनाचं काम करायचे. 1950 आणि 60 च्या दशकांत ते आणि त्यांचे सहकारी वर्ष संपताना मुलांना बोलवून निवांत बोलतं करत, आणि त्यावरून 1970 मध्ये त्यांनी विचार करण्याच्या पद्धतीचे नऊ टप्पे मांडले. सुरुवातीला मुलांना सगळं बरोबर किंवा चूक असंच दिसतं. बरोबर उत्तर एकच, आणि ते मोठ्यांना ठाऊक असतं. पुढे लक्षात येतं की जाणकारांचंही एकमत नसतं. मग काही काळ 'ज्याचं त्याचं मत' असा पवित्रा असतो. त्यानंतर कुठे पुरावे आणि परिस्थिती तोलायची सवय लागते. आणि सगळं पक्कं ठाऊक नसतानाही स्वतःचा निर्णय घेऊन तो निभावणं, हे सगळ्यात शेवटी येतं.

तिच्या प्रश्नातला 'बरोबर' हा शब्द तेव्हा मला खऱ्या अर्थानं ऐकू आला. बारावीपर्यंत आपण तिला काय शिकवलं? चार पर्याय, एक बरोबर, तेवढा निवड. सीईटीपर्यंत हेच. आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यावर (आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून) त्याच मुलीसमोर मेजर (मुख्य विषय), मायनर, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), व्हीएससी (व्यवसाय-कौशल्याचा कोर्स), एसईसी (कौशल्यवाढीचा कोर्स) अशी सगळी बास्केट ठेवली. मला हे धोरणातलं लवचीक शिक्षण मनापासून हवं आहे. पण निवडायचं कसं, हे शिकवायला वेळापत्रकात एकही तास नाही. मुलं सीनियरला विचारतात, नाहीतर मैत्रिणीनं जे भरलं तेच भरतात. आपण त्याला आळस म्हणतो. माझ्या मते तो आळस नाही. ती अजून 'बरोबर उत्तर एकच' या टप्प्यावर आहेत, आणि पुढच्या टप्प्यावर हात धरून न्यायला कोणी नाही.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बर्न्स क्रुकस्टन यांनी 1972 मध्येच लिहून ठेवलंय की विद्यार्थ्याला सल्ला देणं हेही शिकवणंच आहे. डॉक्टरनं चिठ्ठी लिहावी आणि पेशंटनं गोळी घ्यावी, तसा सल्ला दिला की जबाबदारी सल्ला देणाऱ्याकडेच राहते. मी दारातून जाता जाता नेमकी चिठ्ठीच लिहून दिली होती.

आपल्याकडे मेंटॉर-मेंटी योजना आहे, म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे मार्गदर्शनासाठी काही मुलं (मेंटी) सोपवलेली असतात. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या मूल्यांकनासाठी, तिची फाइल लागते. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक मेंटीचं नाव, मोबाइल, पालकांचा व्यवसाय, बारावीचे टक्के, आणि 'अडचणी' या रकान्यात ओळीनं 'नाही, नाही, नाही'. तीन मिनिटांत, उभ्या उभ्या विचारल्यावर कोण सांगेल? पेरी मुलाखतीच्या सुरुवातीला साधारण एवढंच विचारायचे: या वर्षातलं तुझ्या मनात काय ठळकपणे राहिलं? मी हा प्रश्न उचलला. खुर्ची देते, प्रश्न विचारते आणि गप्प बसते. पहिल्या दोन मिनिटांची शांतता फार अवघड जाते, मलाच. पण मग कोणी मेसच्या पैशांबद्दल बोलतं, कोणी इंग्रजीतून व्हायव्हा देताना घसा कोरडा पडतो ते सांगतं. विषयाची निवड या सगळ्यात गुंतलेली असते.

हे सिद्धांत जसेच्या तसे लावावेत असं मी म्हणत नाही. पेरींच्या अभ्यासातली मुलं हार्वर्डची होती, बहुतेक मुलगेच. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांच्या मांडणीत स्वतः शोध न घेता घरच्यांनी आखलेली वाट पकडणं ही अपुरी अवस्था ठरते. माझ्याकडे एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे मैदानावर असतो, कारण बहिणीचं लग्न आणि कर्ज दोन्ही समोर आहे. त्याला अपरिपक्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरच्यांचं ऐकणं आणि स्वतःचा विचार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

इथे मला अमेरिकेतले शिक्षण-अभ्यासक आर्थर चिकरिंग जवळचे वाटतात. त्यांनी 1969 मध्ये विद्यार्थ्याच्या वाढीचे सात 'व्हेक्टर' मांडले. भौतिकशास्त्रवालीला हा शब्द भावणारच: सदिश राशी, जिला परिमाणही आहे आणि दिशाही. त्यातला एक होता स्वायत्तता. 1993 मध्ये लिंडा राइसर यांच्यासोबत सुधारणा करताना त्यांनी त्याला 'स्वायत्ततेतून परस्परावलंबनाकडे' असं रूप दिलं. आपल्या घरांमधल्या मुलामुलींना हे लागू पडतं. म्हणून मी आता मोठ्या निर्णयाच्या वेळी आईवडिलांनाही बोलावते, पण बोलायला सुरुवात मुलीनं करायची, आपल्या शब्दांत, त्यांच्यासमोर.

यासाठी वेळ लागतो आणि तो वर्कलोडमध्ये धरला जायला हवा. प्राचार्य, विद्यापीठातली अभ्यास मंडळं वाचत असतील तर कृपया याचा विचार करा. आठवड्याला एक तास, आणि एका शिक्षकाकडे पंधराच्या आत मुलं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडून हे काम फुकट करून घेऊ नका.

त्या मुलीबरोबर नंतर मी दोनदा बसले. कागदाच्या एका बाजूला तिनं तिला काय आवडतं ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला घरून काय शक्य आहे ते. शेवटी कॉम्प्युटरच ठेवलं, कॉलेजची लॅब संध्याकाळी वापरायची परवानगी मागून. अर्ज तिनंच लिहिला.

तुमच्याकडे किती मेंटी आहेत? आणि पहिल्या भेटीत तुम्ही काय विचारता? खाली नक्की लिहा, मला माझा प्रश्न अजून सुधारायचाय.