बिलावरून भांडण, शेऱ्यांवरून मैत्री

'नोकरी सुटली की ऑफिसातली मैत्री आपोआप गळून पडते' हे ऑफिसातल्या मैत्रीवरच्या लेखातलं वाक्य सरसकट पटलं नाही. ज्या मैत्रीत साहेबांच्या उखाळ्यापाखाळ्यांपलीकडे काहीच नसतं, ती गळते हे खरं. साहेब बदलले की विषयच संपतो! पण आमच्याकडे दर वर्षी वर्गणी काढून दिवाळी अंक घ्यायचे. १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेला हा नाद, ऑफिसात तर फारच सोयीचा. अंकाला खाकी कव्हर, आतल्या बाजूला नावांची यादी. वाचून झालं की सही करून पुढच्याच्या टेबलावर.

अकाउंट्समधले एक काका होते. प्रवासभत्त्याचं बिल हमखास परत पाठवणारे. ते कथांच्या समासात पेन्सिलीने शेरे मारायचे: 'शेवट ओढूनताणून', 'बाई लिहितात बरं'. बिलांवरून आमचं कधी जमलं नाही, पण या शेऱ्यांवरून जेवणाची सुट्टी संपली तरी वाद चालू असायचा. त्यांना मुलं किती, हे मला फार उशिरा कळलं. ते निवृत्त झाले, मीही नोकरी बदलली, तरी अंक अजून बदलापूर लोकलने त्यांच्याकडे जातात आणि खाडाखोड होऊन परत येतात. लेखात डबा, वाढदिवस, सहली सगळं आलंय. एकाच पुस्तकावरून भांडणारी ही जमात तेवढी राहून गेली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ टाकूनही पाहिली आम्ही. अंगठे भरपूर आले, उघडली कोणीच नाही.