नवी बॅटरी चार्ज होईना? मग तो फॉरवर्ड आधी पुसा

लॅपटॉपची बॅटरी बदलली आणि चार्जिंगच होत नाहीये, अशा वेळी काय करावं हे सांगणारा एक सहा कलमी मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी अकोल्यात लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे मला तो गिऱ्हाइकं मोबाइल पुढे करून वाचून दाखवतात. त्याचं सार असं: नवी बॅटरी आधी सलग बारा तास चार्ज करा. मग ती पूर्ण शून्यावर आणा, हे तीनदा करा. पिन बसते तो कुठलाही चार्जर चालतो. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबलं तर बॅटरी डुप्लिकेट आहे, दुकानदाराला जाब विचारा. एवढ्यानं भागलं नाही तर बॅटरी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आणि तरीही काही झालं नाही, तर मदरबोर्ड गेला.

हे लिहिणाऱ्यानं बॅटरीला माठ समजलंय. रिकामा झाला की भरायचा, भरत नसेल तर माठच फुटका. खरं काय ते बॅटरीच्या कनेक्टरकडे नीट पाहिलं तरी कळतं. नुसती वीज आत-बाहेर करायची असती तर प्लस आणि मायनस अशा दोन पिना पुरल्या असत्या. तिथे सात-आठ, कधी दहा असतात. प्लस-मायनसच्या एकापेक्षा जास्त असतात, कारण करंट मोठा. उरलेल्यांपैकी दोन पिनांवरून बॅटरीतली चिप लॅपटॉपशी बोलते: माझी क्षमता इतकी, आत्ता इतकी भरलेय, मला इतका व्होल्टेज द्या. एक पिन तापमान कळवते. बऱ्याच मॉडेलांत एक पिन फक्त ‘मी जागेवर आहे’ एवढं सांगायला असते. अडॅप्टर, बोर्डावरचा कंट्रोलर आणि बॅटरीतली ही चिप, तिघांचं एकमत झालं तरच चार्जिंग सुरू होतं. फॉरवर्डवाला एका वेळी तिघांपैकी एकालाच दोष देतो.

बारा तासांचं कलम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातलं आहे. त्यांना पहिलं लांबलचक चार्जिंग लागायचं. आजच्या लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, सोनीची. तेव्हापासून हिशेबच बदलला. दर सेलला साधारण ४.२ व्होल्ट झाले आणि करंट घटत घटत नगण्य झाला की चार्जिंग आपोआप थांबतं. पुढचे नऊ तास तुम्ही फक्त अडॅप्टर गरम करता. एक गोष्ट मात्र खरी. नवी बॅटरी गोदामात वर्षभर पडून असेल, तर तिचे सेल फार खाली गेलेले असतात. मग चार्जर आधी अगदी बारीक करंट देतो आणि टक्का हलत नाही. अशा वेळी लॅपटॉप बंद करून अर्धा-पाऊण तास चार्जिंगला ठेवावा. एवढ्यावर माझ्याकडच्या काही ‘मेलेल्या’ बॅटऱ्या उठून बसल्यात.

शून्यावर आणण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण भलत्याच कारणासाठी. नव्या बॅटरीतल्या चिपचा हिशेब सुरुवातीला चुकू शकतो. म्हणजे ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप फटकन बंद पडतो. त्यावर एकदाच पूर्ण भरायची, सात-आठ टक्क्यांपर्यंत वापरायची आणि पुन्हा पूर्ण भरायची. यानं आकडा सुधारतो, क्षमता वाढत नाही. तीन-तीनदा शून्यावर आपटल्यानं मात्र सेल झिजतात. आधीच खाली गेलेली बॅटरी आणखी खाली नेली तर आतलं संरक्षण सर्किट तिला कुलूपच लावतं.

आता ‘पिन बसते तो चार्जर’. बॅटरीवर ढकललेल्या तक्रारींत निम्मा दोष चार्जरचा निघतो, निदान माझ्या टेबलावर तरी. डेलच्या गोल पिनेच्या अडॅप्टरमध्ये मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. तिच्यातून अडॅप्टर आपली ओळख आणि वॉट सांगतो. ती वाकली, तुटली किंवा तिची बारीक तार वायरच्या तोंडाशी पिचली, तर लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी चार्ज करायला नकार देतो. सुरू करताना पडद्यावर ‘अडॅप्टरचा प्रकार ओळखता आला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूरही येतो. तो कोणी वाचत नाही, एंटर मारून पुढे जातात. बायोसमधल्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधल्या, बॅटरीच्या पानावर अडॅप्टर किती वॉटचा आहे ते दिसतं. तिथे आकड्याऐवजी ‘अननोन’ असेल, तर नव्या बॅटरीला बोल लावू नका.

टाइप-सीची गंमत वेगळीच. मध्यंतरी एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आली. बॅटरी नवी, आणि चार्जिंग मुंगीच्या चालीनं. चार्जर कुठला विचारलं तर म्हणाली, ‘मोबाइलचाच आहे काका, फास्टवाला.’ तिच्या लॅपटॉपला ६५ वॉट लागत होते, म्हणजे २० व्होल्टला सव्वातीन अँपिअर. मोबाइलचा फास्ट चार्जर बहुधा आपल्याच कंपनीच्या फोनशी जोरात वागतो. लॅपटॉपशी बोलताना तो साध्या पातळीवर येतो. शिवाय केबलही बघावी लागते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच नेते, म्हणजे ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. मूळ अडॅप्टर लावल्यावर तिचा लॅपटॉप माझ्यासमोर पाच मिनिटांत चार टक्के चढला.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ६०-८० टक्क्यांच्या कलमानं, कारण त्यामुळे भांडणं होतात. एक निवृत्त शिक्षक दोन बॅटऱ्या घेऊन आले होते. पहिली ६० टक्क्यांवर अडली म्हणून ऑनलाइन विक्रेत्याशी वाद घालून दुसरी मागवली. तीही ६० वर अडली. आता हा लॅपटॉपच विकावा म्हणून किंमत विचारायला आले. मी कंपनीचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात बॅटरी जपण्याचा पर्याय चालू होता. मुलानं टाळेबंदीत घरून काम करताना लावून ठेवला होता, कारण लॅपटॉप दिवसभर प्लगलाच असायचा. बटण बंद केलं आणि टास्कबारवर ६१ झाले. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ६२ झालेले पाहिले.

ही सोय जवळपास सगळ्या कंपन्या देतात, फक्त नावं निराळी. लेनोव्होत कन्झर्व्हेशन मोड, असूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, एचपीच्या बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर. डेलमध्ये बायोसमधून मर्यादा ठरवता येते. लॅपटॉप सतत प्लगला राहत असेल तर ही सोय चालू ठेवणंच बरं, कारण भरगच्च १०० टक्क्यांवर सेल लवकर म्हातारे होतात. मुद्दा इतकाच की ही मर्यादा लॅपटॉपच्या पोटात साठवलेली असते, बॅटरीत नाही. म्हणून बॅटरी बदलली तरी ती तशीच राहते. ९६-९७ टक्क्यांवर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसणंही असंच निरुपद्रवी. पुष्कळ लॅपटॉप आकडा आणखी खाली आल्याशिवाय पुन्हा चार्जिंग सुरूच करत नाहीत.

डुप्लिकेट बॅटऱ्या नसतात असं मी म्हणत नाही. ढिगानं असतात. पण त्या ओळखायच्या वेगळ्या रीतीनं. लेबलवरचा व्होल्टेज गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ११.४ व्होल्ट आणि ३.६ अँपिअर-तास असेल तर ४१ च्या आसपास यायला हवेत. हे गणितच जुळत नसेल, किंवा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’नं सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक नसेल, तर शंका घ्या. मग विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे सगळं इंग्रजी अक्षरांत. त्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे शेजारी येतात. कोऱ्या बॅटरीत त्यांच्यात मोठी दरी दिसली, तर खुशाल जाब विचारा.

फ्रीजबद्दल फार बोलायला नको. थंड जागी साठवलेली बॅटरी हळू झिजते, त्यावरून कोणीतरी फ्रीज हा इलाज काढला. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि ते पाणी त्या आठ-दहा पिनांवरच बसतं. फ्रीजरमधून काढून लगेच चार्ज केली तर आणखी वाईट, कारण शून्य अंशाखाली चार्जिंग केल्यानं आत धातूरूप लिथियम साचतं. उलट्या बाजूला साधारण ४५ अंशांच्या पुढे सेल गेले की लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो. मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याखाली बसून काम करणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवून मिटतात.

राहिला मदरबोर्ड. तो जातोही, पण सगळ्या चौकश्या झाल्यावर, आणि तेव्हाही बहुतेकदा एखादा फ्यूज किंवा चार्जिंगची चिप गेलेली असते, सगळा बोर्ड नव्हे. आधी अडॅप्टर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा आणि कनेक्टर पुन्हा बसवा. तो एका कडेनं अर्धा मिलिमीटर वर राहिला तरी वीज मिळते पण बोलणं तुटतं, आणि बॅटरी ‘नाही’ असं दिसतं. हेही करून झालं तर जुनी बॅटरी परत लावून बघा. ती थोडी का होईना चार्ज झाली तर दोष नवीत आहे. तीही झाली नाही तर अडॅप्टर, जॅक, मग बोर्ड या क्रमानं पाहायचं. म्हणून नवी आली त्याच दिवशी जुनी देऊन टाकू नका. फुगलेली असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर मात्र ती परत लावायची नाही आणि टोचायची तर नाहीच. ती कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.